मोडलेल्या पुलाचा धडा

पालकहो, इंजिनीअरिंगला गेलेला मुलगा किंवा मुलगी आइस्क्रीमच्या काड्या आणि डिंक घेऊन रात्री जागत बसली, तर 'हा काय पोरखेळ?' म्हणून रागावू नका. तो अभ्यासच आहे. पत्र्याच्या छपराखाली जशी कैची असते, तसा पूल ती तयार करीत असतात. त्याला ट्रस म्हणतात.

चार काड्यांचा चौकोन टाचण्यांनी जोडून कोपऱ्यावर दाबा, तो कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. म्हणून सारा पूल त्रिकोणांचा बांधतात. भार आला की खालच्या काड्या ताणल्या जातात, वरच्या दाबल्या जातात. दाबलेली लांब काडी मध्येच वाकते. तीच निम्म्या लांबीची घेतली, तर वाकण्याआधी चौपट दाब सोसते.

वर्गात हा पूल दोन टेबलांवर ठेवतात, मधोमध बादली टांगतात आणि तीत थोडी थोडी वाळू ओततात. २०० ग्रॅमच्या पुलाने २० किलो पेलले, तर स्वतःच्या शंभरपट. पण नंबर कोणाचा आला यापेक्षा पूल कुठे मोडला, सांधा सुटला की काडी वाकली, हे पाहण्यातच खरे शिक्षण आहे.

कारण खरा पूल मोडतो तेव्हा माणसे मरतात. कॅनडात क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीवर पोलादी पूल उभा राहत होता. त्याचा गाळा १,६०० फुटांवरून १,८०० फूट केला, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळीच नव्याने केला नाही. काठावरून तो हातासारखा पुढे येत होता, म्हणून तिथे दाब खालच्या भागांवर होता. ते भाग वाकू लागले. कामावरच्या माणसांना ते दिसले, त्यांनी मोजूनही पाहिले. तरी काम चालूच राहिले. २९ ऑगस्ट १९०७ रोजी पूल कोसळला. ८६ पैकी ७५ कामगार ठार झाले. त्यांत ३३ जण काह्नावाके वस्तीतले मोहॉक आदिवासी होते.

हिशेब कागदावर चुकतो, जीव मात्र वर चढलेल्या कामगाराचा जातो. म्हणून मुलांचा पूल मोडला तर त्यांना हिणवू नका. जवळ बसून विचारा, आधी कोणती काडी वाकली? का वाकली? ही सवय लागली, तर उद्या साइटवर एखादा मजूर 'साहेब, पट्टी वाकलीय' म्हणाला की आपली मुले आधी काम थांबवतील.