पटावरची बाई

मराठीचा मास्तर म्हणून मला एक गोष्ट खटकते. आपल्या बुद्धिबळात राजा, वजीर, हत्ती, घोडे, उंट सारे आहेत. बाई मात्र एकही नाही! हाच वजीर युरोपात गेला आणि तेथे राणी झाला. ज्या आमच्या नगर जिल्ह्यातील चौंडीस जन्मलेल्या अहिल्याबाईंनी राज्य चालविले, तेथे तरी हे शोभत नाही.

१९७६ साली मुंबईच्या तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा केवढा गहजब झाला! प्रकरण हायकोर्टात गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की बाई म्हणून कोणासही अडविता येणार नाही. १९८१ साली त्याच रोहिणीताई आशियाच्या विजेत्या झाल्या. आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर आपल्याच कोनेरू हंपी होत्या!

बुद्धी कधीच अडली नव्हती. दार अडले होते. तेव्हा यंदा भाऊबीजेला बहिणीच्या ताटात एक पट पडू द्या. आणि ती खेळायला बसली, की स्वयंपाकघरातून हाक मारून तिचा डाव तेवढा मोडू नका!