अंगणांतील भुईकोटाचें छायाचित्र

दिवाळी जवळ आली कीं नगरच्या वाड्यांतून मुलांचे हात कोपरापर्यंत चिखलांत बुडतात. ओढा अर्थातच डोंगरी किल्ल्यांकडे. गेल्या वर्षीं आमच्या पुतण्यानें मात्र गांवचाच भुईकोट करण्याचा हट्ट धरला. आमच्या काकांचें बालपण त्याच कोटाच्या आसपास गेलेलें. आतां ते पुण्यास असतात, प्रवास झेपत नाहीं. त्यांस दाखवावयाचा म्हणून हा खटाटोप. सगळा वाटोळा कोट अंगणांत मावेना, तेव्हां एक बुरूज, लगतचा तट व खंदक एवढेंच घेतलें. प्रमाण ठरलें एक इंचास सहा फूट.

दहा दिवस मुलगा राबला. आणि आम्हीं काय केलें? समोर उभे राहिलों, मोबाईलचें बटण दाबलें व चित्र पुण्यास धाडलें. तासाभरांत काकांचा प्रश्न आला, "ही चूल कोणी मांडली?" मुलगा त्या रात्रीं न जेवतांच निजला.

दोष सर्वस्वीं आमचा. त्या प्रमाणांत मनुष्याची उंची इंचभरहि भरत नाहीं. आम्हीं मात्र पांच फुटांवरून, म्हणजे किल्ल्याच्या हिशेबानें ३६० फुटांवरून, पाहिलें! डोंगरी किल्ला अशा नजरेखालींहि तग धरतो. भुईकोटाची छाती तटाखालीं उभें राहिल्यावांचून कळत नाहीं. १५९५-९६ सालीं चांदबिबीशीं झुंजणाऱ्या मोगल शिपायानें तो खालूनच पाहिला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही धोतर सांवरून अंगणांत पालथे पडलों. (शेजाऱ्यांनीं प्रकृतीची चौकशी केली.) मोबाईल उलटा धरला म्हणजे त्याची कांच भुईलगत येते, ही युक्ति मुलाचीच. दहा इंची बुरूज पाहतां पाहतां ६० फुटांचा झाला, अळिवाचीं दोन इंची रोपें १२ फुटी झाडें झालीं. नाक लावून मात्र चित्र घेऊं नये. हातभर दूर राहिल्यास पुढचा-मागचा भाग सारखाच स्पष्ट येतो, नको तो मागाहून कापतां येतो.

विजेच्या दिव्याचा मोह टाळावा. दिवा जवळ असल्यानें सावल्या फांकतात व खेळणें उघडें पडतें. सूर्यकिरण समांतर येत असल्यानें मातीच्या बुरुजाची सावली खऱ्यासारखीच पडते. आठाच्या सुमाराचें तिरपें ऊन्ह कोरलेल्या दगडांची रांगन् रांग उठवून दाखवितें. सावलीची बाजू फार काळवंडली तर समोर धुतलेला पंचा ताणून धरावा.

खरा तंटा झाला तो मावळ्यावरून. बाजारचा मावळा तीन इंची, म्हणजे १८ फुटांचा राक्षस! तो बुरुजाशीं उभा केला कीं पाहणारा त्यासच माणसाएवढा धरणार आणि बुरूज १८ फुटांवर येणार. मुलगा त्यास काढूं देईना. अखेर मावळा तटाच्या कडेनें दिसेल असा मागें, आमच्यापासून सहा-सात फुटांवर, नेऊन ठेवला; तेथें तो बेताचा दिसूं लागला.

हें दुसरें चित्र पुण्यास गेलें. या खेपेस उत्तरास दुपार झाली. काकांनीं विचारलें होतें, "हा कोणत्या अंगाचा बुरूज? खंदकांत अजून पाणी असतें काय?"