एक किलोमीटर म्हणजे किती?

मित्रांनो, सर्व्हेइंगच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सर विचारतात, "या दोन खुणांमधलं अंतर किती?" आपण टेप लावतो, आकडा वहीत लिहितो, सही घेतो आणि कँटीनकडे पळतो. तोच प्रश्न या मे महिन्यात मला माझ्या चुलतभावाने विचारला, तेव्हा मात्र उत्तर देता देता घाम फुटला!

झालं असं, की मी चौथीपर्यंत शिकलो ती आमच्या वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, दोन गुरुजी आणि माझ्या वर्गात आम्ही तिघं. आता तिचा पट 9 वर आलाय आणि ती खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत 'समायोजित' करायचं घाटतंय. कागदावर अंतर 900 मीटर. दादा म्हणाला, "तू इंजिनिअर होणार ना? मग मोजून दे."

मोजलं. मोबाईलच्या नकाशावर सरळ रेषेत 900 मीटरच भरलं. मग दादाच्या दुसरीतल्या मुलीला बरोबर घेऊन पायवाटेने, ओढ्यातून चालत गेलो. ते झालं 1.7 किलोमीटर. पावसाळ्यात ओढा भरून वाहतो, तेव्हा पुलावरून वळसा घालायचा. ते 4.2 किलोमीटर! तिन्ही आकडे बरोबर. पण पोरगी चालणार त्यातल्या शेवटच्यावर, आणि सरकारी तक्त्यात आहे पहिला.

हा प्रश्न फक्त आमच्या वाडीचा नाही. 2017 साली राज्यात 10 पेक्षा कमी पटाच्या सुमारे 1300 शाळा जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हाच्या आकडेवारीत अशा शाळा होत्या 14,783. मुलं सुमारे 1 लाख 85 हजार आणि शिक्षक 29 हजारांच्या वर. नमुना म्हणून नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत दाखवलं गेलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. लहान शाळा म्हणजे स्वर्ग नव्हे. आमचे एक गुरुजी रजेवर गेले की दुसरे चार वर्ग एकाच खोलीत सांभाळायचे. त्यातच पोषण आहाराचा हिशेब आणि तालुक्याच्या मीटिंगा. कबड्डीला सात पोरं जमायची नाहीत. पाचवीला खालच्या गावात गेलो, तेव्हा पहिल्यांदा 'टीम' म्हणजे काय ते कळलं. त्यामुळे "एकही शाळा हलवू नका" असं मी म्हणणार नाही.

पण मग पट कमी झाला कसा? काही घरं कामासाठी शहरात गेली हे खरं. पण उरलेली पोरं? दोन वर्षांपूर्वी फाट्यापर्यंत एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी व्हॅन यायला लागली. ज्यांना फी परवडली, त्यांची पोरं तिच्यात बसली. म्हणजे शाळा लांब असायला लोकांची हरकत नव्हतीच. गाडी दारात आली होती!

या पिवळ्या गाडीची गोष्ट आपण इंजिनिअर लोकांनी वाचावी अशी आहे. अमेरिकेत प्रत्येक छोट्या गावाचा स्वतःचा 'स्कूल डिस्ट्रिक्ट' असायचा. म्हणजे स्वतःचं शाळा मंडळ, स्वतःचा शाळा-कर आणि बऱ्याचदा एकच खोली. 1939-40 साली असे 1 लाख 17 हजार डिस्ट्रिक्ट होते. 1970-71 मध्ये उरले जेमतेम 18 हजार. एवढं एकत्रीकरण झालं कशाच्या जोरावर? मॅसॅच्युसेट्स राज्याने 1869 सालीच मुलांच्या वाहतुकीवर सार्वजनिक पैसा खर्च करायला कायद्याने परवानगी दिली होती. 1939 साली फ्रँक सायर या ग्रामीण शिक्षणाच्या प्राध्यापकांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षणखात्याचे लोक आणि बस बनवणारे इंजिनिअर यांना एकत्र बसवलं. त्यातून स्कूल बसची 44 मानकं ठरली. पिवळा रंग त्यातलाच, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावरची काळी अक्षरं नीट दिसतात. शाळा गेल्याचं दुःख तिथल्या गावांनाही झालं, भांडणंही झाली. पण पोराने शाळेत पोचायचं कसं, हा प्रश्न कुणीतरी इंजिनिअरिंगचा प्रश्न म्हणून सोडवायला घेतला होता.

आपल्याकडे नियम वाईट आहेत का? मुळीच नाही! शिक्षण हक्क कायद्याचे केंद्राचे 2010 चे नियम काढून बघा. पहिली ते पाचवीसाठी शाळा 1 किलोमीटरच्या आत, आणि तेही 'चालत' जाण्याचं अंतर. दरड, पूर, रस्ता नसणं असा धोका असेल तर ही मर्यादा आणखी कमी करायची. लहान वस्तीजवळ शाळा नसेल तर मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करायची. सगळं लिहिलेलं आहे. फक्त ओढा कुणी ओलांडून बघत नाही. एसटीचा मोफत पास म्हणाल तर अहिल्याबाई होळकर योजनेत तो मुलींना मिळतो, पण पाचवीपासून. दुसरीतल्या पोरीने काय करायचं?

माझं म्हणणं एवढंच, की क्रम बदला. आधी गाडी सुरू करा. ती एक अख्खा पावसाळा नियमित चालवून दाखवा. पोरं वेळेवर पोचतात, परत येतात, हे गावाने डोळ्यांनी बघू दे. मग ग्रामसभेत विचारा, शाळा हलवायची का? आमची वाडी हो म्हणेलसुद्धा! आज मात्र आधी कुलूप आणि गाडी "प्रस्तावित" असा उलटा कारभार आहे. असं झालं की मुलगे कसेबसे जातात आणि मुली घरी राहतात. धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी हवंच असतं ना!

मी मोजलेले तिन्ही आकडे एका कागदावर लिहून, खाली नकाशा काढून दादाला दिले. त्याने तो ग्रामसभेत वाचला आणि ठरावाला जोडला. पुढे काय होईल माहीत नाही. पण मित्रांनो, आपल्या वर्गात निम्मी पोरं खेड्यातून आलेली आहेत. या सुट्टीत घरी जाल तेव्हा टेप नसला तरी चालेल, एखाद्या पहिलीतल्या पोराचं बोट धरून त्याच्या शाळेपर्यंत चालत जा. आणि येऊन सांगा... एक किलोमीटर म्हणजे किती?

— तृतीय वर्ष, स्थापत्य