तक्रार क्रमांक मिळत नाही

डोंबिवलीत आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली की मी अ‍ॅपवर तक्रार टाकतो. तिला नंबर मिळतो. बँकेच्या तक्रारीला मिळतो, हरवलेल्या पार्सललाही मिळतो. काम होईलच असं नाही, पण नंबर मिळतो. ऑफिसात दिवसभर तिकिटं बंद करूनच माझं पोट भरतं, त्यामुळे त्या नंबराची किंमत मला माहीत आहे. नंबर दिला म्हणजे, हे काम आता आमच्या गळ्यात आहे, एवढं तरी कुणीतरी कबूल केलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या काकांना एका न्यायाधीशांविरुद्ध तक्रार करायची होती. जागेचा दावा, अकरा वर्षं चाललेला. निकालाची प्रत समोरच्या पार्टीच्या हातात आपल्या आधी चार दिवस होती, असं त्यांचं म्हणणं. खरं असेल, नसेलही. काका मुळात चिडके आहेत. पण कुणीतरी तपासून "तुमचं चुकतंय" एवढं तरी त्यांना सांगायला हवं होतं की नाही?

जिल्हा न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं, हे राज्यघटनेच्या कलम २३५ मध्ये आहे. म्हणजे तक्रार तिकडे. २०१४ च्या सरन्यायाधीशांच्या सूचनेप्रमाणे सोबत प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल असा पुरावा लागतो. अट समजू शकतो, कारण हरलेला प्रत्येक माणूस न्यायाधीशावर खार खाऊन असतो. पण तसा पुरावा हातात असता तर काकांना चौकशी कशाला हवी होती? वकिलांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. "काका, मला उद्या याच कोर्टात उभं राहायचंय." शेवटी मीच मसुदा टाईप केला, नोटरी करून घेतला, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. पोचपावती आली. त्यापुढे काहीही नाही.

व्यवस्था काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. साताऱ्यातल्या एका जिल्हा न्यायाधीशांवर लाच मागितल्याचा गुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नोंदवला आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना बडतर्फ केलं. पण सापळा नोटांसाठी लावता येतो. पक्षपाताला, अरेरावीला, निकाल राखून ठेवून महिनोन्महिने बसण्याला कसला सापळा लावणार? आणि न्यायाधीशाची एक सही म्हणजे काय, हे कल्याण-डोंबिवलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने इथल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला. आदेश चूक होता असं मला म्हणायचं नाही. आतल्या माणसांची घरं त्या सहीवर होती, एवढंच सांगतोय.

चौकशी करणारं कुणी नसलं की काय होतं, ते मुंबईने १९९५ मध्ये पाहिलं. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांना परदेशी प्रकाशकाकडून मिळालेल्या मानधनाच्या रकमेवरून वकिलांच्या संघटनेने राजीनाम्याची मागणी केली. त्यांनी राजीनामा दिला. त्यांचं चुकलं होतं की नव्हतं? कुणी ठरवलंच नाही. म्हणजे ही पोकळी न्यायाधीशांनाही गिळते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात म्हटलं की अशी तक्रार वकिलांनी मुख्य न्यायमूर्तींकडे किंवा सरन्यायाधीशांकडे न्यावी. त्यातूनच पुढे १९९९ ची अंतर्गत चौकशीची पद्धत आली. चौकशी न्यायाधीशांचीच, न्यायाधीशांनीच केलेली, आणि अहवाल सहसा गोपनीय. माझा कोड मीच रिव्ह्यू करून मीच पास केला तर माझी नोकरी जाईल.

बाहेरून कुणी हात लावू पाहिला की काय होतं? महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्त कायदा केला, देशात सर्वांत आधी लोकायुक्त नेमला, पण न्यायाधीश त्याच्या कक्षेबाहेर. जानेवारी २०२५ मध्ये लोकपालने म्हटलं की उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आपल्या कक्षेत येतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत स्थगिती दिली. संसदेत २०१० मध्ये एक विधेयक आलं होतं. त्याच्या मूळ मसुद्यात तक्रारीची छाननी त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशांनी करायची होती आणि खोट्या तक्रारीला पाच वर्षांपर्यंत कैद होती! मार्च २०१२ मध्ये लोकसभेत ते मंजूर झालं आणि २०१४ मध्ये बारगळलं. माझ्या काकांच्या दृष्टीने बरंच झालं म्हणायचं.

माझी एक वकील मैत्रीण म्हणते, "सरकारच्या पैशावर चालणारी यंत्रणा न्यायाधीशांच्या मागे लागली, तर सरकारविरुद्ध निकाल द्यायला कोण धजेल?" तिचं अगदी बरोबर आहे. मंत्रालयातून दरवर्षी निधी मंजूर होणार असेल तर अशी यंत्रणा नसलेलीच बरी. पण यावर उत्तर आहे, आणि ते राज्याच्या अर्थसंकल्पातच छापलेलं असतं. त्यात खर्चाचे दोन प्रकार असतात, दत्तमत आणि भारित. भारित खर्चावर विधानसभेत मतदान होत नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार असेच भारित आहेत, म्हणूनच एखादा निकाल आवडला नाही म्हणून ते कुणाला अडवता येत नाहीत. कलम २०२ प्रमाणे विधिमंडळ कायदा करून आणखीही खर्च भारित ठरवू शकतं. तपास करणाऱ्यांचे पगार त्यात घाला, आणि नियंत्रण कलम २३५ प्रमाणे उच्च न्यायालयाकडेच राहू द्या.

पैसे सुरक्षित केले की काम संपतं असंही नाही. कॅलिफोर्नियात न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारींसाठी १९६० पासून स्वतंत्र आयोग आहे. २०१६ मध्ये तिथल्या विधिमंडळाने त्याचं ऑडिट करायला सांगितलं, तर आयोग ऑडिटरविरुद्ध कोर्टात गेला. अहवाल यायला एप्रिल २०१९ उजाडलं. काही प्रकरणांत तपास अपुरा होता, आणि तोपर्यंत ऑनलाइन तक्रार घ्यायची सोयसुद्धा नव्हती. सिलिकॉन व्हॅलीच्या राज्यात! बंद खोलीत बसवलं की पहारेकरीही झोपतो.

म्हणून आपल्याकडे पहिल्या दिवसापासून हिशेब उघडा हवा. न्यायाधीशांची नावं नकोत. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या वर्तनावर विधिमंडळात चर्चा करायला घटनेचीच मनाई आहे आणि ती योग्य आहे. आकडे द्या. ठाणे जिल्ह्यातून वर्षात किती तक्रारी आल्या, किती निकाली काढल्या, किती दिवसांत, कोणत्या कारणाने बंद केल्या. तक्रारदाराला एक नंबर, आणि शेवटी दोन ओळींचं कारण.

काका परवा विचारत होते, "रिमाइंडर पाठवतोस का रे?" मी टाईप करायला बसलो आणि संदर्भाच्या रकान्यात काय लिहायचं तेच कळेना. नंबर देणारं सॉफ्टवेअर दोन आठवड्यांत लिहून होईल. तपास करणारी माणसं महाग आहेत, आणि तो खर्च मला राज्याच्या पुढच्या अर्थसंकल्पात, भारित रकान्यात बघायचा आहे.