मधल्या सुट्टीतली शिस्त

शिक्षकांना आचारसंहिता हवी, असे कोणी म्हटले की आमच्या व्यवसायातले दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. पहिला म्हणतो, "आम्ही गुरुजन, आम्हाला कसली आचारसंहिता?" दुसरा म्हणतो, "वरून परिपत्रक येऊ द्या, सही करून मोकळे होऊ." पहिल्याला आपल्या पुण्याईचा फाजील भरवसा आहे आणि दुसऱ्याला आपल्या सहीचा. माझे भांडण दोघांशीही आहे.

कायदा नाही असे नव्हे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे 17 वे कलम मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई करते. कलम उत्तम आहे. परंतु मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर जे बोलले जाते, तिथवर कायद्याचा हात पोचत नाही. आणि मुलाचे नशीब पुष्कळदा तिथेच ठरते.

या खोलीत मी तीस वर्षे बसलो आहे. जूनमध्ये वर्ग नव्या शिक्षकाच्या हवाली होतो, तेव्हा हजेरीपटाबरोबर तोंडी शेरेही हवाली होतात. "तिसऱ्या बाकावरचा तो? दगड आहे, वेळ घालवू नका." बोलणारा दुष्ट नसतो, दमलेला असतो. पण ऐकणारा दुसऱ्या दिवशी वर्गात जातो आणि तिसऱ्या बाकाला प्रश्नच विचारीत नाही. वर्षभर मुलाने तोंड उघडले नाही की शेरा खरा ठरतो!

1968 साली रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुले निवडून शिक्षकांना सांगितले, की ही यंदा चमकणार. पहिली-दुसरीतली अशी मुले वर्षअखेर बुद्धिमापनात इतरांच्या पुढे गेलेली आढळली. त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले. पंडितांनी ते खुशाल घालावेत. पण ज्याला कोणी प्रश्नच विचारीत नाही, ते मूल उत्तर द्यायला शिकणार कधी?

मग नियम कोणी करावेत? वकिलांच्या वर्तनाचे दंडक ठरवण्याचे काम 1961 च्या अधिवक्ता कायद्याने वकिलांच्याच परिषदेकडे दिले. स्कॉटलंडमध्ये 1965 च्या कायद्याने शिक्षकांची परिषद निर्माण झाली आणि 2012 पासून ती सरकारपासून स्वतंत्र आहे. आम्ही मात्र कचेरीतल्या परिपत्रकाची वाट पाहतो. ज्याला स्वतःसाठी चार नियम करता येत नाहीत, त्याने चाळीस मुलांना शिस्त शिकवावी, हा विनोदच आहे.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक शाळेतल्या शिक्षकांनी एकत्र बसून आपल्याच हाताने तीन ओळी लिहाव्यात. मुलाच्या आईसमोर जे म्हणता येणार नाही, ते तिच्या मागे म्हणायचे नाही. सहकाऱ्याची चूक आधी त्यालाच सांगायची. मात्र मुलाला इजा होत असेल तर क्षणभरही गप्प बसायचे नाही. नवख्याच्या प्रश्नाला हसायचे नाही. फराळाच्या ताटावर पाहुण्यांसमोर "आमचा हा ढच" म्हणणाऱ्या आईबापांनीही पहिली ओळ स्वतःला लावून घ्यावी.

"गप्पांची मजा जाईल," असे कोणी म्हणेल. जाऊ द्या! एका मुलाच्या वर्षाइतकी किंमत त्या मजेला नाही. नियम मोडणाऱ्याला शिक्षा काय? एवढीच, की शेजारच्याने कप खाली ठेवून म्हणावे, "राहू द्या सर, तो मुलगा आता माझ्या वर्गात आहे."