प्रवेशानंतरची फेरी

मागील लेखाच्या शेवटी मी जाता जाता एक वाक्य लिहिले होते: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पालीच्या प्राथमिक अभ्यासक्रमास मला प्रवेश मिळाला आहे. त्यावर आलेल्या पत्रांत दोन सूर होते. काहींनी मनापासून अभिनंदन केले. काहींनी तितक्याच मनापासून विचारले की, स्मृतिभ्रंश झालेल्या पत्नीस घरी ठेवून 71व्या वर्षी माणसाने विद्यार्थी व्हावे काय? हा प्रश्न मी स्वतःला आधीच विचारलेला असल्यामुळे त्याचा राग आला नाही. उत्तर मात्र घरात बसून सापडेना. म्हणून वर्ग सुरू होण्यापूर्वी विद्यापीठ नीट पाहून यावे असे ठरविले, आणि ते एकदा न पाहता दोनदा पाहिले. का, ते पुढे येईलच.

पहिली फेरी सकाळची. बरोबर पत्नी होती आणि गाडी चालवायला नात. नातीने स्वतःच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा आवार पाहण्यास तिला अर्धा तास पुरला होता. उपाहारगृह कोठे आणि गाडी कोठे लावायची, एवढेच तिला हवे होते. माझी यादी निराळी होती. विद्यापीठाचे आवार 411 एकरांचे आहे. तरुणपणी अशा आकड्याचे कौतुक वाटते, उतारवयात त्याचा हिशेब करावा लागतो. प्रवेशद्वारापासून वर्गापर्यंत चालायचे किती, मध्ये टेकायला बाक किंवा कट्टा आहे का, चढ कोठे लागतो, पावसात निसरडे होणारे फरसबंदीचे तुकडे कोणते? नात म्हणाली, ‘‘आजोबा, अंतर मोबाइलवर दिसतं की.’’ मी म्हटले, मोबाइलला गुडघे नसतात. मग आम्ही गाडी सावलीत लावली आणि मी घड्याळ लावून चाललो. पत्नीचा हात धरून अठरा मिनिटे लागली, दोन ठिकाणी थांबून. परतताना नातीबरोबर बारा. संध्याकाळी एकटा चालेन तेव्हा या दोन आकड्यांच्या मधले काहीतरी धरावे, असा अंदाज बांधला. आपल्यापैकी ज्यांना नव्या ठिकाणी नियमाने जायचे आहे, मग ते विद्यापीठ असो, वाचनालय असो की फिजिओथेरपीचे केंद्र, त्यांनी पहिली भेट अशी निव्वळ चालण्यासाठी राखून ठेवावी. ज्या दिवशी कामही करायचे असते त्या दिवशी वाटेकडे लक्ष राहत नाही, आणि पाय घसरतो तो नेमका त्याच दिवशी.

मुख्य इमारतीसमोर आम्ही बराच वेळ थांबलो. मनोऱ्याची ही दगडी वास्तू मुळात मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळ्यातील निवासस्थान. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत 1864 साली काम सुरू झाले आणि 1871 साली ते पुरे झाले. 1949 साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि गव्हर्नरांच्या दिवाणखान्यांत विद्येचा कारभार सुरू झाला. हे सर्व मी नातीला सांगत होतो. पत्नी समोरच्या झाडाकडे पाहत होती. एकतीस वर्षे तिने शाळेत विज्ञान शिकविले. झाडाचे नाव तिला आठवले नाही; पण तिने खाली पडलेले पान उचलले, उलटे करून मागील शिरा पाहिल्या आणि पिशवीत ठेवले. पूर्वी वर्गावर नेण्यासाठी ती अशीच पाने गोळा करी.

येथे थोडे विषयांतर करतो. 2014 साली या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव जोडले गेले. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी काय केले हे आपण सारे जाणतो. परंतु शुश्रूषा करणाऱ्यांनी त्यांचे अखेरचे दिवस विशेष आठवणीत ठेवावेत. पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर रुग्णांसाठी दवाखाना उघडला, आणि सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे नेत. प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवरून वाहून नेले. त्याच शुश्रूषेत त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 22 जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा सोहळा ह्याच गव्हर्नरांच्या बंगल्यात झाला. तेथून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर, चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. शिपाई घरोघरी शिरत, झडती घेत, माणसे वेगळी काढून नेत, आणि लोकांचा संताप त्यातून उसळला होता. एकाच वर्षातील एकाच साथीचे हे दोन प्रसंग. रुग्णाला घराबाहेर दोघांनीही नेले. एकाच्या मागे हुकूम होता. दुसरीने मूल पाठीवर घेतले होते. ज्या बंगल्यात तो सोहळा झाला त्याच्या आवारात आता सावित्रीबाईंचा पुतळा आहे. तेथे उभा असताना पत्नीच्या चपलेचा बंद सुटला, तो मी वाकून लावला, आणि आम्ही पुढे गेलो.

आयुकाच्या बाजूला गाडीतूनच एक फेरी मारली. खगोलशास्त्राची ही संस्था 1988 साली जयंत नारळीकरांनी उभी केली आणि तिची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रेखाटली. नातीला तेथे उतरायचे होते. पण पत्नी थकली होती, म्हणून ते पुढच्या वेळेवर सोडले.

जयकर ग्रंथालयात मी एकटाच गेलो. बाहेरच्या उन्हातून आत शिरताच क्षणभर काही दिसेना. हे वयानुसारच आहे. साठीनंतर बाहुली लहान होते आणि डोळ्यातील भिंगही पिवळसर होते. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत दृष्टिपटलापर्यंत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, आणि उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सरावण्यास अधिक वेळ लागतो. तेव्हा दारातच मिनिटभर उभे राहावे, डोळे स्थिर होऊ द्यावेत आणि मगच पायरीकडे वळावे. घाई करण्यासारखे ग्रंथालयात काही नसते. वाचनकक्षात मी खिडकीजवळची, परंतु खिडकी पाठीमागे येईल अशी खुर्ची निवडली. उजेड पानावर पडावा, डोळ्यांत येऊ नये. ही खुर्ची रिकामी मिळाली नाही तर काय, याचाही विचार केला आणि घरचा छोटा दिवा दप्तरात ठेवण्याचे ठरविले. दप्तर हा शब्द लिहिताना हसू येते, पण दुसरा शब्द नाही.

आता, पालीच का? हा प्रश्न विभागाच्या कार्यालयातही एका तरुण विद्यार्थ्याने विचारला. त्याला मी थोडक्यात उत्तर दिले. आपल्याला सविस्तर देतो.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात लोळत पडला होता. इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरविली होती, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धाने आनंदाला पाणी आणावयास सांगितले. बुद्धाने पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग बुद्धाने डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले आणि मंचावर निजविले. त्यानंतर संघाला जे सांगितले त्यात शुश्रूषा करणाऱ्याचे गुण येतात: औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लाभाच्या आशेने नव्हे तर मायेने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, वांती काढण्याची किळस वाटू नये, आणि रुग्णाचे मन चांगल्या बोलण्याने प्रसन्न करता यावे. त्याआधी कोणत्या रुग्णाची सेवा सुकर होते तेही सांगितले आहे. जो पथ्य पाळतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, दुखणे कसे आहे ते खरेपणाने सांगतो आणि वेदना सोसतो, त्याची.

हे भाषांतरात वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. माझी पत्नी या दुसऱ्या यादीत कोठेच बसत नाही. गोळी ती गालात धरून ठेवते. दुखते कोठे, ते तिला सांगता येत नाही. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण त्या यादीच्या मानाने अवघडच म्हणावा लागेल, आणि त्यात त्याचा दोष काहीच नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हा अवघडपणा मोकळेपणाने मांडून ठेवला, याचा मला मोठा आधार वाटला. ते शब्द मुळातून वाचावेत एवढीच इच्छा आहे. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. ती सिंहली, ब्रह्मी, थाई, रोमन अशा अनेक लिप्यांत लिहिली जाते. नालंदाहून भिक्खू जगदीश काश्यप यांनी संपादिलेला तिपिटक मात्र देवनागरीत आहे. त्याचा महावग्गाचा खंड त्या दिवशी मी हातात घेतला. अक्षर अन् अक्षर वाचता आले आणि अर्थ जेमतेम चौथ्या शब्दाला लागला.

वर्गाच्या खोलीत आणखी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली ऐकण्याची. वयाबरोबर ऐकू कमी येते ते आधी वरच्या पट्टीतले. त्यामुळे स, श, थ, फ यांसारखी व्यंजने निसटतात, आवाज पोहोचतो आणि शब्द पोहोचत नाही. नवी भाषा शिकताना हे फार नडते. म्हणून पुढच्या ओळीत, शिक्षकांचा चेहरा दिसेल अशी आणि पंख्याच्या थेट खाली नसलेली जागा पाहून ठेवली. ज्यांना श्रवणयंत्र सांगितले आहे आणि जे ते खणात ठेवून आहेत, त्यांना एक माहिती द्यावीशी वाटते. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची जी यादी ‘लॅन्सेट’ आयोगाने 2024 साली सुधारून प्रसिद्ध केली, तिच्या चौदा कारणांत श्रवणदोष आहे आणि एकटेपणही आहे. यावरून पाली शिकल्याने स्मरण शाबूत राहील असे मी म्हणत नाही. तसे वचन कोणताही वर्ग देऊ शकत नाही. आमच्या घरी तर आयुष्यभर वाचणाऱ्या व्यक्तीलाच हा आजार झाला.

दुसरी गोष्ट स्वच्छतागृहाची. ते कोठे आहे, किती पावले दूर, हे प्रथमच विचारून घ्यावे. अनेक वृद्ध मंडळी बाहेर जायचे म्हणून दुपारपासून पाणी पिणे सोडतात. त्याने चक्कर येते आणि मूत्रमार्गाच्या संसर्गालाही वाट मिळते. जागा ठाऊक असली की पाणी निर्धास्त पिता येते.

दुसरी फेरी चार दिवसांनी, एकट्याने आणि नेमकी वर्गाच्या वेळी केली. हीच खरी कसोटी होती. वर्ग संध्याकाळचा आहे, आणि दिवेलागणीच्या सुमारास पत्नीची अस्वस्थता वाढते. स्मृतिभ्रंशात हे पुष्कळदा दिसते. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसाचा शीण साचलेला असतो आणि रुग्णाला ‘घरी’ जायचे असते, मग तो घरातच का असेना. ही वेळ मी गेली चार वर्षे एकदाही दुसऱ्यावर सोपविली नव्हती. आमच्याकडे दिवसभर असणाऱ्या मावशींना मी आदल्या दिवशी सर्व समजावून दिले. चार वाजताच दिवे लावायचे, पडदे ओढायचे, चहा नेहमीच्याच कपात, शेजाऱ्यांचा क्रमांक फोनशेजारी. मावशी ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘‘काका, मी रोज बघते की सगळं. तुम्ही जावा.’’

मी गेलो. बस गर्दीची होती, पण ज्येष्ठांच्या जागेवरून एका मुलाने उठून मला बसविले. आवारात चौदा मिनिटे चाललो. बंद वर्गासमोरच्या बाकावर पाऊण तास बसून राहिलो आणि त्या पाऊण तासात तीनदा फोन काढून पाहिला. तो वाजला नव्हता. चौथ्यांदा पाहिला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली आणि वही काढून पालीची क्रियापदे लिहू लागलो. परतीच्या बसमध्ये मात्र मन पुन्हा घरी होते.

घरी पोहोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते. मावशींनी खरे ते सांगितले. ताई दारापर्यंत चारदा गेल्या, एकदा रडल्या, कडी काढण्याची खटपट केली. मग मावशींनी पुढ्यात मटाराच्या शेंगा ओतल्या आणि दोघींनी मिळून सोलल्या. जेवण अर्धेच झाले होते. मी ऐकत उभा राहिलो. माझ्या हातून जेवताना देखील ती पुष्कळदा अर्धेच जेवते, हे ध्यानात येण्यास थोडा वेळ लागला.

पत्नीने मला पाहून विचारले, ‘‘कुठं होतात?’’

‘‘विद्यापीठात. प्रवेश घेतलाय ना.’’

‘‘कोणाचा प्रवेश?’’

‘‘माझा.’’

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हणाली, ‘‘फी भरलीत का?’’

मी पावती काढून दाखविली. तिने ती दोन्ही बाजूंनी पाहिली, नीट घडी घातली आणि त्या दिवशीच्या पानाशेजारी आपल्या पिशवीत ठेवून दिली. पावती अजून तेथेच आहे. कार्यालयात दाखवावी लागली तर तिच्याकडे मागावी लागेल. वर्ग येत्या सोमवारी सुरू होतो. मावशींनी मटार आधीच आणून ठेवायला सांगितले आहेत.