परीक्षा सेटची नाही, माणसाची

हॅम रेडिओचा विषय निघाला की ऑफिसात कोणीतरी हमखास विचारतं, "छंदासाठी सरकारी परीक्षा कशाला?" प्रश्न रास्त आहे. मोबाइल घेताना कोणी ओहमचा नियम विचारत नाही. मग 12 वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना रेडिओची थिअरी आणि नियम यांचा पेपर का?

कारण मोबाइल कारखान्यातून तपासून येतो. हॅमला मात्र स्वतःचा ट्रान्समीटर घरी जोडायची मुभा असते. ते यंत्र कोणी तपासलेलं नसतं. तपासलेलं असतं ते फक्त जोडणाऱ्याचं डोकं!

आता आमच्या वाकोल्याचंच घ्या. विमानतळ अगदी शेजारी. समजा इथल्या एखाद्या गच्चीवरून कोणी 24.9 मेगाहर्ट्झवर बोलतोय आणि त्याचा फिल्टर गंडलाय. या फ्रिक्वेन्सीची पाचवी हार्मोनिक, म्हणजे पाचपट, होते 124.5. आणि वैमानिक नि कंट्रोल टॉवर बोलतात तो पट्टा 118 ते 137 मेगाहर्ट्झ. हार्मोनिक म्हणजे काय, हे माहीत असायलाच हवं की नाही?

मोर्सचं तसं नाही. 2003 च्या जिनिव्हा परिषदेत मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली, अमेरिकेने 2007 मध्ये ती परीक्षा पूर्ण काढली. आपल्याकडे त्यानंतरही जनरल श्रेणीला मिनिटाला 8 शब्दांची अट ठेवली गेली. कट्ट-कडकट्ट मलाही आवडतं, पण ते कसब आहे, सुरक्षिततेची अट नव्हे. ज्याला हवं त्याने शिकावं.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला आणि मोबाइल मुके झाले. त्याआधी सातच महिने, त्सुनामीच्या वेळी, पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी हॅम रेडिओवरून निरोप पोचवले होते. अशा वेळी बॅटरी किती तास पुरेल, अँटेना कुठे बांधायची, कोणत्या वेळी कोणता बँड चालेल, हे ज्याला कळतं तोच उपयोगी पडतो.

म्हणून माझं मत : थिअरी कमी करू नका, तिची तऱ्हा बदला. पर्यायी उत्तरांचे प्रश्न पाठ करता येतात. डंप घोकून सर्टिफिकेशन मिळवणारे आपल्या धंद्यात काय कमी पाहिलेत? त्यापेक्षा उमेदवाराच्या हातात तार आणि टेप द्या, म्हणा, "7.1 मेगाहर्ट्झचा डायपोल कापून दाखव." ज्याला समजलंय तो साधारण 20 मीटर मोजेल आणि मधोमध कापेल. ज्याने घोकलंय तो पर्याय शोधत बसेल.

तुम्हाला काय वाटतं?